गव्हावर दळलेला लेख

नाशकात उशिराची सबब शोधायला फार लांब जावं लागत नाही. पावसाळ्यात गंगेला पूर असतो (गोदावरी हे नाव आम्ही पाहुण्यांसाठी आणि भूगोलाच्या पेपरासाठी राखून ठेवलं आहे). द्वारकेला ट्रॅफिक बाराही महिने असतो. आणि 2027 चा सिंहस्थ जवळ येऊ लागल्यापासून तर ‘रस्ता खोदलाय हो’ एवढं म्हटलं की पुढचं वाक्य समोरचा माणूसच पूर्ण करतो. पण या झाल्या सार्वजनिक सबबी. माझ्याकडे तीन खाजगी आहेत. घरात साडेतीन वर्षांचा एक आणि दीड वर्षाची एक अशी दोन मुलं आहेत, भाजणी-मेतकूट-मसाल्यांचा छोटासा घरगुती व्यवसाय आहे, आणि मी लिहिते.

ही तिन्ही कामं एकाच ओट्यावर चालतात आणि तिन्ही एकमेकांच्या वतीनं खोटं बोलतात. ऑर्डर रखडली की मुलाला ताप येतो. लेख रखडला की ऑर्डर आलेली असते. या व्यवहारातून सबबींचे भाव मला पक्के कळले आहेत. ‘मुलाला ताप आहे’ हा बंदा रुपया. गिऱ्हाईक पैसे परत मागायचं सोडून काढा कसा करायचा ते सांगतं, संपादक ‘आधी बाळाकडे बघा ताई’ म्हणतात. ‘ऑर्डर आहे’ हीसुद्धा चालते, पण घासाघीस होते. ‘किती किलोची?’ असा प्रश्न येतो, आणि दहा किलोच्या खाली कुणी सहानुभूती देत नाही. ‘लिहीत होते’ ही सबब मात्र आजवर कुणीही घेतलेली नाही. गिऱ्हाइकानं नाही, प्लेग्रुपच्या बाईंनी नाही, खुद्द संपादकांनीही नाही. त्यांना एकदा ‘दुसऱ्या अंकासाठी लिहीत होते’ असं खरं खरं सांगितलं, तर ते चार दिवस बोलले नाहीत.

सासूबाईंचा लिहिण्याला विरोध वगैरे अजिबात नाही. ‘लिही की, कोण नको म्हणतंय? सगळं आवरलं की लिही,’ असं त्या मोठ्या मनानं म्हणतात. आमच्या घरात सगळं शेवटचं आवरलेलं कधी होतं, हे मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी वास्तुशांतीचा दिवस सांगितला.

त्यात आमच्या दोन धंद्यांचे हंगाम एकमेकांवर आपटतात. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून 1909 च्या ‘मनोरंजन’चं नाव घेतात, का. र. मित्रांनी तो काढला. मित्रांचे मराठी साहित्यावर उपकार आहेत, पण तोच अंक त्यांनी शिमग्याला काढला असता तर माझ्यावरही झाले असते. शिमग्याला कुणी चकलीची भाजणी मागवत नाही. संपादक जूनमध्ये हळूच विचारतात, जुलैत आठवण करतात, ऑगस्टमध्ये आवाज चढवतात. इकडे श्रावण लागला की उपासाची भाजणी, मागोमाग गणपती, मग नवरात्राचा उपास, आणि त्याच्या पाठीवर दिवाळी. मधल्या पितृपक्षात मात्र कुणी काही मागवत नाही. तो एक पंधरवडा पूर्वजांच्या कृपेनं लिहायला मिळतो, पण तोवर अंक छापायला गेलेला असतो.

पूर किती आला हे नाशिककर धरणातून सोडलेल्या पाण्याच्या आकड्यावरून ठरवत नाही, तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, अशा त्याच्या पायऱ्या असतात. आमच्या घरात हेच काम थोरला करतो. सप्टेंबरात पीठ त्याच्या तळव्याला असतं. घटस्थापनेला गुडघ्यापर्यंत येतं. वसुबारसेच्या सुमारास त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या, की नवरा कंपनीत रजेचा अर्ज टाकतो.

चकलीच्या भाजणीचं गणित वरवर सोपं आहे. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी मुगाची, अर्धी वाटी उडदाची, वर धणे-जिरे. प्रमाण घरोघरी बदलतं आणि प्रत्येक घराला आपलंच खरं वाटतं. तांदूळ-डाळी धुवायच्या, सुती कापडावर पसरून सावलीत वाळवायच्या, आणि मग लोखंडी कढईत मंद आचेवर एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. सगळं एकदम टाकलं तर मूग करपतो तेव्हा हरभरा अजून कच्चाच असतो. डाळ भाजली गेली का, हे घड्याळ सांगत नाही, नाक सांगतं. गोची अशी आहे, की दीड वर्षाच्या मुलीनं कोपऱ्यात बसून काय केलं आहे, हेही नाकच सांगतं. एका नाकाकडे दोन खाती. मुगाची डाळ तांबूस होत आलेली असते, घरभर खमंग वास सुटलेला असतो, आणि त्या खमंगपणात एक वेगळाच सूर लागतो. गॅस बंद करून तिकडे गेलं, तर कढईच्या तापानं खालची डाळ पुढे जाते. नाही गेलं, तर मुलगी पुढे जाते, सतरंजीवरून, मागे पुरावा ठेवत. मी तिच्याकडे जाते, हात कोपरापर्यंत धुते, आणि परत येते तेव्हा डाळीचा रंग ठरलेल्या छटेच्या पुढे गेलेला असतो. तेवढी डाळ मग घरातल्या थालीपिठांना जाते. आमच्याकडे थालीपीठ पौष्टिक म्हणून नव्हे, अपघातग्रस्त म्हणून खातात.

वाळवणाचीही तीच कथा. थोरला रोज प्लेग्रुपला जाताना रस्त्यावरची खोदकामं बघतो. त्यामुळे पंच्यावर पसरलेले पांढरेशुभ्र तांदूळ दिसले, की त्याला विकासकामांना वाव दिसतो. खेळण्यातला जेसीबी येतो, तांदळांच्या मधोमध चर पडतो, चराच्या कडेला ढिगारे लागतात, आणि जेवायची हाक आली की काम अर्धवट टाकून कंत्राटदार निघून जातो. ‘हे कधी बुजवणार?’ असं विचारलं तर तो ‘उद्या’ म्हणतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. शहरात राहून मूल आपसूक शिकतं.

शिक्षणावरून आठवलं. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळाच मुलाच्या अंगणात न्यावी, हा विचार पुढे आणला. मला तो पूर्ण पटतो. अडचण एवढीच आहे, की इंदिरानगरातल्या दुसऱ्या मजल्यावर अंगणाच्या नावानं एक ड्राय बाल्कनी आहे, आणि तिच्यात घरघंटी आहे.

या घरघंटीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

पूर्वी मी भाजणी कोपऱ्यावरच्या गिरणीत द्यायची. तिथं प्रत्येक वेळी बजावावं लागायचं, ‘दादा, गव्हावर दळू नका हं.’ आधी कुणाचा गहू दळलेला असला, तर गिरणीच्या पोटात राहिलेलं गव्हाचं पीठ भाजणीत उतरतं आणि चकली मऊ पडते. गिरणीवाले दादा मान डोलवायचे. ती मान होकाराची होती की पट्ट्याच्या तालावर हलायची, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून हप्त्यांवर घरघंटी घेतली. पहिल्या दिवशी ती सुरू केली आणि एक चमत्कार झाला. अंगाई, रामरक्षा, खांद्यावर टाकून येरझाऱ्या, गच्चीवरचा चंद्र, यांतल्या कशालाही दाद न देणारी धाकटी त्या घरघराटात दोन मिनिटांत झोपली. दळण संपलं, घंटी थांबली, आणि ती टक्क जागी झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी घंटी सुरू करताना शेजारी वही घेऊन बसले.

तेव्हापासून माझ्या लिखाणाचं माप किलोत आहे. कविता पाव किलोत होते. पुस्तकाचं परीक्षण तीन किलोत बसतं, पुस्तक वाचलेलं नसेल तर दोन. विनोदी लेखाला आठ-दहा किलो तरी लागतात, कारण विनोद सुचेपर्यंतच चारेक किलो दळून होतं. कादंबरी मनात आहे, पण तिच्यासाठी बाजार समितीशी बोलावं लागेल.

मात्र भाजणी काही रोज दहा किलो नसते. ऑर्डर संपली की धान्य संपतं, धान्य संपलं की झोप संपते, आणि परिच्छेद मध्येच लोंबकळत राहतो. एकदा असाच एक दुसरा परिच्छेद लोंबकळत असताना तळमजल्यावरच्या काकू गव्हाचा डबा घेऊन गिरणीकडे निघालेल्या दिसल्या. मी गॅलरीतून हाक मारली. म्हटलं, ‘काकू, एवढ्या उन्हात कुठं जाता? द्या, मी दळून देते.’ काकूंना गहिवरून आलं. परिच्छेद पूर्ण झाला. पुढच्या आठवड्यात बिल्डिंगमधल्या यच्चयावत डब्यांची रांग आमच्या दाराशी लागली. सगळ्या सोसायटीत माझं परोपकारी म्हणून नाव झालं. सासूबाईंना वाटलं, सुनेला अखेर शेजारधर्म कळला. एका मासिकासाठी मी ग्रामीण कथेवर एक मोठा लेख लिहिला, तो आख्खा शेजाऱ्यांच्या गव्हावर दळलेला आहे. जाणकार वाचकाला कळत असणार. लोकवन गव्हावर लिहिलेलं वाक्य जरा खरखरीत येतं. शरबती असेल त्या दिवशी भाषेला ओघ असतो. भाजणीसाठी आधी घंटी दोनदा झाडून, वर मूठभर तांदूळ फिरवून घ्यावी लागते, ते मी न चुकता करते. लेखासाठी करत नाही.

पण सुखाला दृष्ट लागते. घरघंटीचं दार उघडलं की मोटार आपोआप बंद पडते. माहितीपत्रकात याचं कौतुक होतं, मुलांच्या सुरक्षिततेसाठी म्हणून. थोरल्याला हा शोध एका दुपारी लागला. दार उघडलं की घंटी बंद, घंटी बंद की ताई जागी (धाकटीला तो ‘ताई’ म्हणतो, का ते विचारू नका), ताई जागी की आईची वही बंद. साडेतीन वर्षांच्या माणसाच्या हाती एवढी सत्ता आली, तर तो तिचा वापर करणारच. पहिल्यांदा त्याने ती निव्वळ आनंदासाठी वापरली. मग दाराच्या कडीवर हात ठेवून तो नुसता माझ्याकडे बघू लागला. सध्या दर परिच्छेदाला एक बिस्किट असा करार झाला आहे. त्यामुळे माझे परिच्छेद अलीकडे लांब होऊ लागलेत, आणि एका समीक्षकांनी त्यावरून ‘शैलीत आलेला संथ ठहराव’ असं काहीसं कळवलं आहे.

हातानं लिहिणं जमत नाही, तेव्हा मी फोनला मजकूर सांगते. तो टाईप करत जातो. फोनला मराठी चांगलं येतं. इतकं, की खोलीत जे जे मराठी बोललं जातं, ते ते सगळं तो भक्तिभावानं उतरून घेतो. ‘साठोत्तरी कवितेतली बंडखोरी ही मुळात मध्यमवर्गाच्या आई मला शी आली’ असं एक वाक्य माझ्या कच्च्या खर्ड्यात आहे. मी ते खोडलेलं नाही. साठोत्तरी कवितेवर इतकं थेट मी स्वतः कधी लिहू शकले नसते.

यशस्वी माणसांच्या हकिगती वाचताना मला आताशा एकच प्रश्न पडतो: मुलं कुठे होती? लिज्जत पापडाचीच गोष्ट घ्या. 15 मार्च 1959, गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची, सात जणी, 80 रुपये उसने. ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे, की ते 80 रुपये आपणच दिले होते असं वाटायला लागतं. पण सात संसारी बायका म्हणजे 1959 सालच्या हिशेबानं निदान वीसेक पोरं. ती कुठे होती? वाळत घातलेल्या पापडांमधून एकही पोर धावलं नाही? एकानंही ओल्या पापडावर पावलं उठवली नाहीत? या सात जणींना मी मनोमन नमस्कार करते तो उद्योजकतेसाठी नाही. गच्चीचं दार त्यांनी कसं बंद ठेवलं, त्यासाठी.

एकाच घराच्या बाबतीत या प्रश्नाचं स्वच्छ उत्तर मिळतं, आणि ते घर आमच्या नाशिकशी जोडलेलं आहे, याचा मला अभिमान वाटतो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या राहत्या घरातून उभा राहिला. चित्रपटसृष्टीचे जनक वगैरे आपण म्हणतो, पण त्या घटकेला तो चक्क एक घरगुती उद्योग होता. सरस्वतीबाईंचे दागिने त्यात गेले. सगळ्या चमूचं जेवण त्याच रांधत. फिल्मला कडेची भोकं पाडणं, ती धुणं, चित्रण चालू असताना उन्हाचा झोत पडावा म्हणून पांढरी चादर धरून उभं राहणं, हेही त्यांच्याकडे. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. म्हणजे बघा, खानावळीतला माणूस महाराणी होऊन पडद्यावर गेला, आणि घरातली बाई खानावळ चालवायला मागे राहिली. या वाटणीबद्दल चित्रपटाच्या इतिहासकारांना जे म्हणायचं ते म्हणोत. मला त्या घराचं एका गोष्टीसाठी कौतुक आहे. मुलं कुठे होती? पडद्यावर! भालचंद्र हा मुलगा ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला, आणि 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी चक्क श्रीकृष्ण झाली. पोरं कामात लुडबुड करतात ना? मग त्यांनाच काम देऊन टाका. या लेखात माझी दोघंही का आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

दुसरा आधार लक्ष्मीबाई टिळकांचा. त्यांचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. लग्नानंतर नवऱ्याकडून लिहा-वाचायला शिकलेली ही बाई. टिळक कधी घर सोडून जात, कधी घरात माणसं आणून सोडत. पोटची मुलं, दुष्काळातली लोकांची मुलं, सगळी हिनं वाढवली, आणि या साऱ्या गदारोळाकडे मिस्किलपणे बघत ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. मराठीत गोंधळाचं इतकं नीटस वर्णन दुसरीकडे नाही, असं माझं मत आहे. मोठ्या उत्साहानं मी हे सासूबाईंना सांगायला गेले. त्यांनी विचारलं, ‘कधी आलं पुस्तक?’ म्हटलं, 1934 पासून भागाभागानं. त्यांनी मनात वजाबाकी केली आणि समाधानानं म्हणाल्या, ‘म्हणजे साठी उलटल्यावर. बघ, सगळं आवरून लिहिलं बाईनं.’

नवरा अंबडला कंपनीत आहे. कंपनीतल्या माणसाला सबब लागत नाही, त्याला शिफ्ट असते. ‘फर्स्ट शिफ्ट आहे’ म्हटलं की मागे कुणी काही विचारत नाही. मीही एकदा ‘माझी सेकंड शिफ्ट आहे, लिखाणाची’ असं म्हणून पाहिलं, तर ‘ओव्हरटाईम मिळतो का?’ असं विचारून तो स्वतःच खूप वेळ हसत होता. माणूस वाईट नाही. रविवारी ‘आज मुलं माझ्याकडे, तू बिनधास्त लिही’ असं जाहीर करतो. मग मी आतल्या खोलीत बसते आणि दाराबाहेरून प्रश्न येऊ लागतात. हिची ती निळी वाटी कुठेय? हा म्हणतो, आई भातावर तूप गोल टाकते, गोल म्हणजे कसं? ही रडतेय ती भुकेनं की झोपेनं? तू लिही गं, मी नुसतं विचारतोय.

म्हणून एका रविवारी मी घराबाहेर पडून सार्वजनिक वाचनालयात गेले. 1840 पासून चालत आलेली संस्था. तिथं गेलं की कुणी आपल्याला ‘शू’ म्हणेल, या कल्पनेनंच डोळे भरून येतात, कारण घरी ते मीच म्हणत असते. पंख्याखालची जागा मिळाली. वही उघडली. समोर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या आजोबांनी चष्म्यावरून दोनदा पाहिलं, आणि वाचनालयाच्या शिस्तीला शोभेल अशा हलक्या आवाजात विचारलं, ‘भाजणीवाल्या वहिनी ना तुम्ही?’ मी हो म्हटलं. त्यांना एक किलो थालिपिठाची हवी होती. शेजारच्या आजोबांना मेतकूट हवं होतं, पण कमी हिंगाचं. मासिकांच्या टेबलाशी बसलेल्या बाईंनी चिठ्ठी सरकवली: ‘गोडा मसाला करता का? आमच्याकडे काळाच चालतो.’ मी घरी परतले तेव्हा वहीचं पान भरलेलं होतं. नवऱ्यानं ते लांबून पाहिलं आणि म्हणाला, ‘वा! आज बरंच झालं की लिहून.’

डिसेंबर 2021 मध्ये साहित्य संमेलन नाशकात भरलं होतं, आडगावच्या बाजूला. तेव्हा मला मुलं नव्हती. दिवसभर खुर्चीवर बसून परिसंवाद ऐकले आणि एका वक्त्यांचं बोलणं संपेचना, तेव्हा अक्षरशः जांभया दिल्या. कुणी अडवणारं नाही, कुणी पदर ओढणारं नाही, समोर एक गृहस्थ तासभर एकाच मुद्द्यावर बोलताहेत! असा कंटाळा आता विकत मिळाला तरी मी घेईन. किलोचा भाव लावा म्हणावं.

लेबलांचं तेवढं सांगून टाकते. अन्नपदार्थ विकायचे म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्या उलाढालीला ती सोपी असते. मी काढली तेव्हा वर्षाला 100 रुपये लागत. तो चौदा आकडी क्रमांक, शाकाहाराचा हिरवा ठिपका, वजन, तारीख, असं सगळं छापलेली चिकटपट्टीची लेबलं मी आणून ठेवली होती. एका संध्याकाळी घर संशयास्पद शांत झालं. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना ही शांतता माहीत आहे. तिच्यात माणूस धावत सुटतो. हॉलमध्ये धाकटी भिंतीला टेकून अत्यंत सहकार्यानं बसलेली होती आणि थोरला तिच्यावर लेबलं चिकटवत होता. कपाळावर हिरवा ठिपका. पोटावर ‘निव्वळ वजन 500 ग्रॅम’. दंडावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’, जे तिला आजवर कधी जमलेलं नाही. पाठीवर ‘उघडल्यानंतर हवाबंद डब्यात ठेवावे’. मी ओरडायला तोंड उघडलं तर तो शांतपणे म्हणाला, ‘आई, थांब ना. मी काम करतोय.’ आणि गंमत म्हणजे ती सबब मी ऐकून घेतली. पाकीट पुरं होईपर्यंत दारात उभी राहिले.

आता यंदाच्या ताज्या घडामोडी. संपादकांचा ऑगस्टअखेरीस फोन आला. त्यांना मुलाचा ताप सांगून झाला होता, मुलीचे दात सांगून झाले होते, नवरात्राची ऑर्डर अजून यायची होती. शेवटी मी लेखच पाठवून दिला. त्यांनी वाचला, आवडल्याचं कळवलं, शेवटचे दोन परिच्छेद उडवले (म्हणजे दोन बिस्किटं फुकट गेली). मानधनाचं विचारलं तर म्हणाले, ‘दिवाळीनंतर बघू ताई, जाहिराती कमी आहेत.’ फोन ठेवता ठेवता त्यांनी पलीकडे कुणालातरी ‘तुझं काय ते तूच सांग’ असं म्हटलं, आणि त्यांच्या पत्नी फोनवर आल्या. त्यांना भाजणी हवी होती. चकलीची तीन किलो, थालिपिठाची दोन. दरही विचारला नाही.

भाजणी त्यांच्या माहेरच्या पत्त्यावर, त्यांच्या भावाच्या नावानं गेली. पैसे मात्र संपादकांच्या फोनवरून आले. फोन ओट्यावर होता, माझे हात पिठात, आणि सासूबाई शेजारी मेथी निवडत होत्या. टिंग वाजलं. त्यांनी चष्मा नीट केला, वाकून नाव वाचलं, मग रक्कम वाचली, मग पुन्हा नाव वाचलं.

‘हे तुझ्या त्या मासिकवाल्यांचे?’

‘हो, आई.’

‘एका लेखाचे?’

कढईत उडीद होता आणि उडदाला एक क्षणही सोडून चालत नाही. मी कढईकडे बघत राहिले. सासूबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग थोरल्याला हाक मारून त्याच्या हातातला जेसीबी काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटी बंद होती, धाकटी आपणहून झोपली होती, आणि मी वही घेऊन बसले होते. दाराशी तळमजल्यावरच्या काकू आल्याचं ऐकू आलं. डबा खाली टेकल्याचा आवाज झाला. आणि मग सासूबाईंचा, दबका पण ठाम: ‘हळू बोला जरा. ती लिहितेय. गहू ठेवून जा, झालं तर देईल.’